हे तेच इंजिन

वाफेच्या इंजिनावर ज्याचा जीव जडला त्याला लोक रसिक म्हणतात. डिझेल इंजिनावर ज्याचा जीव जडला त्याच्याकडे मात्र आजही जरा संशयानेच पाहिले जाते. वाफेच्या इंजिनाला उघडा अग्नी होता, श्वासोच्छ्वास होता, घामाने निथळणारा फायरमन होता, आणि बालगीतांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र त्याला मानाचे पान वाढलेले होते. उलट डिझेल इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेली एक लांबट लोखंडी पेटी आणि तिच्या डोक्यावर काळ्या धुराचा तुरा, असा सर्वसाधारण समज, आणि त्यातून ज्या वाफेवर लोकांचे इतके प्रेम तिचा निकाल याच पेटीने लावला, हा तिच्यावरचा कायमचा ठपका. आता ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले असता पाळी डिझेलची आली आहे, आणि त्याच्यासाठी हळहळणारी मंडळी अगदीच थोडी आहेत.

मी त्या थोड्यांपैकी एक आहे. या आवडीचे समर्थन करण्याचा माझा मानस नाही. आवडीचे समर्थन करू लागले की तिची वकिली होते आणि वकिलीत गोडी उरत नाही. परंतु या आवडीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो अभिरुचीपेक्षा तत्त्वज्ञानाच्या, किंबहुना धर्माच्या प्रांतातला आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे: ज्या इंजिनावर आपण प्रेम करतो, ते नेमके आहे कोठे?

नरपडसारख्या गावात हा प्रश्न सुचावा याला थोडेसे भौगोलिक कारणही आहे. पश्चिमेस सुरूच्या बनापलीकडे समुद्र आणि पूर्वेस चिकूच्या वाड्या ओलांडल्या की मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग, अशा दोन आवाजांमध्ये हे गाव वसलेले आहे. रात्री वारा खाली बसला आणि भरतीची गाज ओसरली की डहाणू रोडहून घोलवडकडे निघालेली मालगाडी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येते. विरारपर्यंत या मार्गावर वीज १९३६ सालीच आली होती. विरारच्या उत्तरेला मात्र तार पोहोचायला १९७० चे दशक उजाडावे लागले, आणि वाफेचा अंमल उठून विजेचा बसेपर्यंतच्या मधल्या काळात डिझेलने येथे कारभार पाहिला. एवढ्या अल्प मुदतीच्या कारभाऱ्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. पण तार आल्यानंतरही डिझेल पाहुण्यासारखे तारेखालून येत-जात राहिले, आणि ज्यांचे कान एकदा त्या आवाजाला लागले त्यांचे ते कायमचे लागले.

त्या आवाजाचा धनी म्हणजे डब्ल्यूडीएम-२ या वर्गाचे इंजिन. त्याचा आराखडा अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी येथे असलेल्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिने १९६२ साली तेथून जहाजाने आली, त्यांतले अगदी पहिले, १८०४० क्रमांकाचे, आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि तेथे जुळवलेले पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, सुमारे ११२ टन वजन, ताशी १२० किलोमीटरची कमाल गती, आणि प्रवासी गाडी असो वा मालगाडी, दोहोंना चालणारा समदर्शी स्वभाव. मेल-एक्सप्रेसपासून गावोगाव थांबणाऱ्या पॅसेंजरपर्यंत आणि कोळशाच्या वाघिणींपासून सैन्याच्या विशेष गाड्यांपर्यंत या इंजिनाने जे मिळेल ते ओढले. आणि १९६९ साली अमेरिकेत अल्को कंपनीने कायमचे टाळे लावले, तरी वाराणसीत हाच वर्ग १९९८ पर्यंत जन्म घेत राहिला, अडीच हजारांवर संख्या गेली. ज्या भूमीत संप्रदाय उत्पन्न झाला तेथे तो खुंटावा आणि परक्या भूमीत, परक्या हातांनी, त्याची परंपरा चालावी, ही गोष्ट धर्माच्या इतिहासात नवी नाही. यंत्रांच्या इतिहासात ती घडली म्हणून आपण तिला केवळ तंत्रज्ञानाचे हस्तांतर म्हणतो, इतकेच.

हे इंजिन जवळून पाहावे, ते उभे असताना. चारशे फेऱ्यांच्या मंद गतीवर त्याचा ठेका घोड्याच्या दुडक्या चालीसारखा किंचित लंगडा असतो, आणि त्या ठेक्यावर पायाखालची खडी हलकेच थरथरते. ड्रायव्हर गाडीचे ब्रेक सोडतो, हँडल पहिल्या नॉचवर आणतो, आणि क्षणभर काहीच घडत नाही. मुख्य जनरेटरची वीज सहा मोटरांपर्यंत गेलेली असते, कपलिंगांचा ताण एकेक डबा मागे सरकत जात असतो. दुसरा नॉच, तिसरा, चौथा. इंधन वाढलेले असते पण टर्बोला अजून पुरती फिरकी आलेली नसते, त्यामुळे हवा कमी आणि तेल जास्त अशी अवस्था होऊन धुराड्यातून काळाभोर लोट उसळतो, आणि मग टर्बोची शीळ चढत चढत अशा उंचीला जाते की धूर विरळ होऊन केवळ उष्णतेची लहर उरते. आठव्या नॉचवर यंत्र मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरू लागले की तो लंगडा ठेका नाहीसा होऊन एकच अखंड घोष राहतो. समाधीची वर्णने वाचताना मला अनेकदा हा क्रम आठवतो. कोणास यात अतिप्रसंग वाटल्यास माझी तक्रार नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत रेल्वेत सारी हयात ड्रायव्हर म्हणून घालवलेले एक गृहस्थ राहतात. गाव त्यांना तात्या म्हणते. इंजिनांचे क्रमांक वहीत टिपून घेण्याची माझी सवय त्यांना पोरकट वाटते. “अहो भाऊ, नंबर कसला लिहिता? डोळे मिटा नि ऐका,” असे ते म्हणत, आणि खरोखरच लांबून येणाऱ्या इंजिनाची चाल ऐकून, हे आपण अमुक साली अमुक घाटात चालवले ते, असे ते छातीवर हात ठेवून सांगत. मी त्यांना एकदा भीत भीत विचारले की तात्या, त्या इंजिनाचा टर्बो त्यानंतर कितीदा तरी बदलला असेल, सिलिंडरांची डोकी बदलली असतील, मोटरा तर एका इंजिनाच्या काढून दुसऱ्याला बसवतात. मग तुम्ही ओळखता ते काय? तात्या हसले. “बायकोचा आवाज ओळखताना तिचे दात मोजता काय?”

या उत्तराने माझे तोंड बंद झाले, प्रश्न मात्र मिटला नाही. डिझेल शेडचा शिरस्ता असा की दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बिघडलेला भाग दुरुस्त करीत बसत नाहीत. साठ्यातला तयार भाग बसवून इंजिन वाटेला लावतात, आणि काढलेला भाग सवडीने सुधारून साठ्यात ठेवतात, जो पुढे भलत्याच इंजिनाच्या नशिबी येतो. अशा रीतीने एका शेडची सारी इंजिने वर्षानुवर्षे एकमेकांचे अवयव वापरीत असतात. पुढे कधीतरी परळच्या कारखान्यात संपूर्ण तपासणीसाठी ती उघडली जातात, आणि आयुष्याच्या मध्यावर काही पतियाळाला जाऊन अशी नवी होऊन येतात की २,६०० ची अश्वशक्ती ३,१०० होते, वर्गाचे नाव बदलते, आणि क्रमांकाच्या शेपटीला पुनर्निर्माणाची खूण म्हणून एक ‘आर’ चिकटतो. दप्तरात मात्र इंजिन एकच. कागदावर त्याची जन्मतारीख एक, मुदत छत्तीस वर्षांची.

आमच्या दर्शनकारांना लोहमार्ग ठाऊक नव्हता, पण हा प्रश्न त्यांच्या अगदी ओळखीचा होता. वैशेषिक म्हणतात की अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून निराळा, स्वतंत्र पदार्थ असून तो समवायसंबंधाने अवयवांत राहतो. इथपर्यंत इंजिनप्रेमी माणसाला फार बरे वाटते, कारण सिलिंडर, बोगी, जनरेटर यांच्यापलीकडे ‘इंजिन’ म्हणून काही खरोखर आहे अशी ग्वाही मिळते. पण त्याच तर्काने पुढे त्यांना असे म्हणावे लागते की एक अवयव निघाला तर जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. म्हणजे शेडमध्ये दर शेड्यूलला एका इंजिनाचे देहावसान होत असून तात्यांनी जन्मभर एका क्रमांकाखाली शेकडो इंजिने चालवली. बौद्ध याहून धीट. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले की महाराज ज्या रथातून आले तो रथ कोणता: आस, चाके, जू, की दांडी? आणि राजाकडूनच वदवून घेतले की यांपैकी एकही रथ नव्हे, यांच्यावेगळाही रथ नव्हे, रथ हा केवळ व्यवहाराचा शब्द. पंजाबावर राज्य करणाऱ्या एका यवन राजाला हे पटले, पण शेडमधल्या फिटरला पटण्याची शक्यता मला कमी दिसते; त्याला रात्रपाळीत जे उचलावे लागते ते केवळ शब्द नसते.

वेदान्त्यांचा मार्ग तात्यांच्या जवळचा. काशीत पाहिलेला देवदत्त आज येथे दिसला असता ‘तोच हा’ असे आपण म्हणतो, तेव्हा तेव्हाचे-आताचे, तेथले-येथले हे परस्परविरोधी विशेष टाकून देऊन केवळ देवदत्त तेवढा घेतो. महावाक्याचा अर्थ लावण्यासाठी योजलेली ही युक्ती डोळे मिटून ऐकणाऱ्या ड्रायव्हरच्या अनुभवाशी चपखल जुळते. पण प्रतिपक्षाने यावर जे आक्षेप शतकानुशतके घेतले, तेही माझ्या इंजिनाला तितकेच लागू पडतात. कापलेली नखे पुन्हा वाढली की ‘तीच नखे’ म्हणतो, पण ती ती नसतात. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, तरी आपण तिला तीच म्हणतो. सादृश्याला एकत्व समजण्याची ही चूक तात्या करीत नाहीत कशावरून?

ज्योतीचा दृष्टान्त आला म्हणून आता आमच्याच मुलखातील एका अग्नीची गोष्ट सांगितली पाहिजे. बोर्डी-घोलवडच्या मागे असवलीच्या बाजूला बारोटचा डोंगर आहे, आणि त्याच्या गुहांत, पारशांच्या परंपरेनुसार, संजाण पडल्यानंतर इराणशाहचा पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता. तेथून तो वांसद्याला गेला, पुढे नवसारीला, आणि इतर मुक्काम करीत १७४२ साली उदवाड्याला आला. तेथे तो आजही तेवत आहे. आम्हां बिगरपारशांना त्याचे दर्शन नाही, आणि ते असावे असे माझे म्हणणेही नाही. त्या अग्नीत संजाणचे एकही लाकूड नाही, एकही ठिणगी नाही. प्रत्येक क्षणी तो नवाच आहे. तरीही डहाणू-घोलवडच्या वाड्यांतील एखाद्या इराणी बागायतदाराला ‘हा तो अग्नी नव्हे’ असे तर्काने सिद्ध करून दाखवणारा नैयायिक शहाणा ठरेल असे मला वाटत नाही. दिवसाच्या पाच प्रहरांना, प्रहर बदलताना, कोणीतरी धर्मगुरू उठून त्याला लाकूड देत आला, आणि देण्याचे कधी चुकले नाही. त्या अग्नीचे एकत्व या न चुकण्यात आहे.

दर्शनकारांनी वस्तूकडे प्रेक्षकाच्या जागेवरून पाहिले, आणि प्रेक्षकाला जे प्रश्न पडतात तेच त्यांना पडले. सेवेकऱ्याच्या जागेवरून कोणी पाहिलेच नाही, ही माझी त्यांच्याविषयीची नम्र तक्रार. सेवेकरी एकत्व शोधीत बसत नाही, तो ते घडवतो. पहाटे शेडमध्ये डिपस्टिक बाहेर काढून, वंगणाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून त्यात पाणी वा इंधन मिसळले आहे काय हे पाहणारा, मग चिंध्यांनी हात पुसून त्या दिवसाच्या पानावर क्रमांकापुढे नोंद करणारा जो माणूस, त्याच्या नोंदींच्या साखळीमुळे ते इंजिन ‘तेच’ राहते. तात्यांच्या कानाने ओळखले ते, माझी अशी समजूत आहे, धातूचे गुणधर्म नव्हते. एका विशिष्ट शेडने, विशिष्ट वहिवाटीने, इंधनाची वेळ आणि गव्हर्नरची जुळणी जशी राखली तिची ती लकब होती.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत तर हा विचार आणखी खोल जातो, कारण त्याच्या पोटातला अग्नी कोणी पेटवीत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेली कल्पना अशी की शुद्ध हवा इतकी दाबावी की ती स्वतःच तप्त व्हावी, आणि मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ठिणगीवाचून तो पेटावा. अरणीच्या लाकडात अग्नी गुप्त असतो आणि मंथनाने प्रकट होतो, हा उपनिषदांचा आवडता दृष्टान्त; येथे मंथन हवेचे. डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरांत, ते पूर्ण वेगाने फिरत असता, मिनिटाला आठ हजार वेळा हा अग्नी जन्मतो आणि आठ हजार वेळा पुरता विझतो. इराणशाहचा अग्नी न विझण्यामुळे एक, आणि हा अग्नी विझूनही एक. नरपडच्या पडवीत बसून या दोन अग्नींचा एका वेळी विचार करता येतो, याबद्दल मी या किनाऱ्याचा ऋणी आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे आयुधांची पूजा होते. सुतार करवतीला, शेतकरी नांगराला, आणि शेडमधला फिटर इंजिनाला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, बफरपाशी नारळ फोडतो. सुशिक्षितांना यात जडाची उपासना दिसते आणि ते संकोचतात. परंतु महाराष्ट्राची मूर्तिपूजा इतकी भाबडी नाही: आपण शाडूच्या गणपतीत प्राणप्रतिष्ठा करतो, दहा दिवस त्याची सेवा करतो, आणि उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलवली की देव त्यात उरला नाही हे जाणून ती पाण्यात सोडतो. देवत्व मातीत कायमचे चिकटलेले नव्हते, सेवेच्या मुदतीपुरते आले होते, हे आपल्या पोराबाळांनाही कळते. मग छत्तीस वर्षांची मुदत भरलेले, बरखास्तीचा हुकूम निघालेले इंजिन लिलावात जाऊन गॅस-कटरखाली तुकडे होताना आम्ही रेल्वेप्रेमी इतके का कळवळतो? कार्यालयाच्या दारात चौथऱ्यावर उभे करून, वर्षाआड रंग देऊन, त्याच्या चाकांभोवती हिरवळ लावली की आमचे समाधान कसे होते? खरे सांगायचे तर मला ती चौथऱ्यावरची इंजिने पाहवत नाहीत. उत्तरपूजा होऊनही विसर्जन न झालेली ती मूर्ती आहे. तिचा एकेक अवयव मूळचा असेल, दप्तर मात्र बंद झालेले आहे. (पाहवत नाहीत म्हणतो आणि पाहायला जातोच, हा दुबळेपणा वेगळा.)

येथे कोणी म्हणेल की धूर ओकणाऱ्या यंत्राविषयी एवढा भक्तिभाव बरा नव्हे. आक्षेप खरा आहे. डिझेलचा धूर पवित्र नाही, आणि शेडशेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार न करणारी रसिकता ही निष्ठुरताच होय. केवळ एवढेच लक्षात असू द्यावे की विजेचे इंजिन अग्नीवाचून चालत नाही, ते आपला अग्नी घरी ठेवून येते. १९९१ साली ज्या डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षण मिळाले, त्याच तालुक्यात ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी दगडी कोळसा जाळीत आले. त्याची चिमणी लांबूनही दिसते. निर्धूम दिसणाऱ्या वस्तूचा धूर कोठेतरी कोणाच्या तरी वाडीवर असतोच, हे नरपडच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

आणि आता माझ्या मताची परीक्षा पाहणारी गोष्ट. वाराणसीच्या त्याच कारखान्यात मालवाहू वर्गाच्या दोन जुन्या डिझेल इंजिनांचे डिझेल यंत्र आणि जनरेटर काढून त्यांच्या जागी विजेची सामग्री बसवण्यात आली, आणि जोडीने १०,००० अश्वशक्तीचे ते विद्युत इंजिन २०१९ च्या फेब्रुवारीत रुळांवर रवाना झाले. जो अग्नी हे ज्याचे नाव, तोच काढून घेतल्यावर इंजिन ‘तेच’ कसे? आमच्या मंडळींनी याला विटंबना म्हटले. पण एकत्व सेवेच्या सातत्यात आहे असे एकदा म्हटल्यावर मला माघार घेता येत नाही: सांगाडा तोच, चाकांखालच्या बोग्या त्याच, आणि बहुधा त्यावर हात फिरवणारे फिटरही तेच. ते इंजिन तेच आहे. मला ते आवडत नाही, हा निराळा मुद्दा. आवड आणि सत्य यांची गाठ नेहमीच पडते असे नाही.

म्हणून रेल्वे खात्याकडे माझी मागणी चौथरा बांधण्याची नाही. या विस्तीर्ण देशातल्या कोणत्या तरी शेडने डब्ल्यूडीएम-२ चे एक इंजिन चालू ठेवावे, महिन्यातून एकदा त्याला एखादी लहानशी गाडी जोडावी, त्याचा प्रत्येक भाग झिजेल तसा बिनदिक्कत बदलावा, आणि शेवटी मूळचा एक बोल्टही त्यात उरला नाही तरी क्रमांक व दप्तर तेच चालवावे. अस्सलपणाचा दाखला मागणारे संग्रहालयवाले याला हरकत घेतील. त्यांनी ती लेखी घ्यावी, म्हणजे दप्तरात आणखी एक कागद वाढेल. टर्बो आणि सिलिंडरांची डोकी भंगाराच्या लिलावात अजून मिळतील. ती नीट बसवणारे हात किती वर्षे मिळतील, हे मात्र खात्याने शेडमधल्या निवृत्तीच्या याद्या मागवून पाहावे, आणि तेही लवकर.